पाहुण्यांचं पाणी

आमच्या घरात तेव्हा दोन पाणी होती. एक चुलीजवळच्या पितळी गुंडात, म्हणजे हंड्यात, ते अंगणासमोरच्या विहिरीचं. दुसरं खिडकीखाली स्टुलावर, निळ्या जारमध्ये, विकतचं. जारचं पाणी पोरांना, सैपाकाला आणि पाहुण्यांना. गुंडातलं पाणी भांड्यांना, धुण्याला आणि माझ्या सासूला. हा नियम मी केला नाही, तिनंच केला. त्यावरून मी तिच्याशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही कधी भांडले नसेन.

बोलताना मी तिला आई म्हणते आणि अहोजाहो करते. लिहिताना मात्र ती 'ती'च राहू दे. राग आला की माणूस मनात अहोजाहो करत नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला राग सोडून दुसरं फारसं काही आलेलं नाही.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर लोक म्हणतील ही बाई उगाच तोंड सोडते. तोंडाळ म्हणून माझी कीर्ती आहेच. तुमसरहून लग्न होऊन मोहाडी तालुक्यातल्या या गावात आले तेव्हापासून आहे. घरी शिलाई मशीन टाकलेली, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. नवरा वरठीला कारखान्यात, मोटारसायकलनं जातो-येतो. पोरं शाळेत गेली की दिवसभर घरात मी, मशीन आणि सासू. भांडायला वेळ भरपूर.

गावाच्या वरच्या अंगाला हवाईपट्टी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नुसती पडीक होती. लोक तिच्यावर धान वाळवायचे, गाई बसायच्या, पोरं सायकल शिकायची. मग एका वर्षी तारेचं कुंपण आलं, गेट आलं, गेटवर खाकी कपड्यातला माणूस आला, आणि विमान चालवायला शिकणारी शहरातली पोरं आली. बारकी बारकी विमानं सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालू लागली. गावाला कौतुक केवढं. माझी सासू अंगणात उभी राहून हात करायची त्यांना. वरून कुणी बघत असेल असं तिला खरंच वाटायचं.

पट्टीच्या टोकाला त्यांनी लोखंडी खड्डा केला होता. त्यात अधूनमधून विमानाचं तेल ओतून आग लावायचे आणि आग विझवण्याचा सराव करायचे. बंबातून पांढराशुभ्र फेस उडायचा. पहिल्या वेळी अख्खं गाव कुंपणाशी गर्दी करून बघायला गेलं होतं, मीही गेले होते. तो फेस नाल्यात उतरला, नाल्यातून खाली वाहत आला, आणि पोरं त्यात नाचली. आपण काय बघतोय हे कुणालाच कळलं नाही. नाला येऊन मिळतो तो आमच्या बोडीला. बोडी म्हणजे धानाला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी पाळ घालून अडवलेला बारका तलाव. आणि आमच्या मोहल्ल्याची विहीर त्या पाळीच्या पायथ्याशी आहे. बोडी भरली की विहीर भरते. बोडीत जे येतं ते विहिरीत येतं, हे सांगायला कुण्या साहेबाची गरज नाही.

पहिल्यांदा वास आला. गाडीच्या टाकीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. मग बकेट ओढली की पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला. मग त्या वर्षीच्या धानाच्या रोवणीत आमच्या बायका बोडीखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या बांधलेल्या तुकड्यांमध्ये, उतरल्या आणि पिंढरीपर्यंत लाल होऊन वर आल्या. पाय खाजवून खाजवून रक्त काढलं एकेकीनं. रोवणीत पायाला चिखल्या होतात हे आम्हाला नवीन नाही. पण या चिखल्या नव्हत्या. वरच्या अंगाच्या बांध्यांमध्ये रोवणाऱ्या बायकांचे पाय ठणठणीत होते. तेच ऊन, तोच चिखल, पाणी तेवढं वेगळं.

त्या माझ्याकडे ब्लाउजचं माप द्यायला यायच्या आणि पाय दाखवून जायच्या. असं माझ्या मशीनभोवती हे आंदोलन उभं राहिलं. आंदोलन हा शब्द नंतर पेपरवाल्यांनी दिला. आम्ही त्याला भांडण म्हणत होतो आणि तेच बरोबर होतं.

पहिल्यांदा आम्ही गेटवर गेलो. गेटवरचा माणूस आमच्याच गावचा, माझ्या नवऱ्याच्या चुलत घराण्यातला. रोज मला वहिनी म्हणणारा. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलं ते रेल्वेत विनातिकीट बाईकडे पाहतात तसं. आत जाता येणार नाही म्हणाला. मग साहेबाला बाहेर बोलाव म्हटलं. तो आत जाऊन आला आणि निरोप घेऊन आला की अर्ज द्या. अर्ज दिला. पुन्हा गेलो तर निरोप आला की पाणी उकळून प्या. मी गेटच्या दांड्यांमधून हात घालून त्याची शिट्टी ओढली आणि म्हटलं, तुझ्या साहेबाला सांग, रॉकेल उकळून बघ आधी, मग आम्हाला शिकव. बायका हसल्या. तो नाही हसला. त्यानंतर आजपर्यंत त्यानं मला वहिनी म्हटलेलं नाही, आणि माझं काही अडलेलं नाही.

मग पाणी तपासायला दोन माणसं आली. शाळेजवळच्या हातपंपावर त्यांनी बाटल्या भरल्या. शाळा गावाच्या वरच्या बाजूला, नाल्याच्या पल्याड. मी धावत गेले, म्हटलं विहीर इकडे आहे, पाळीच्या खाली, चला दाखवते. ते म्हणाले आम्हाला सांगितलेल्या जागेवरूनच घ्यावं लागतं. कुणी सांगितलं विचारलं तर गाडीत बसले. काही दिवसांनी कळलं की गावचं पाणी पिण्यायोग्य आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांत धूळ फेकायची तर निदान थोडी लांबून तरी फेकावी, हे आमच्यासमोर उभं राहून, आमच्याच गावची धूळ आमच्याच डोळ्यांत.

आणि गाव? गाव आमच्यासोबत होतं असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाकते. कुणाचा पोरगा गेटवर, कुणाचा गवत कापायला, कुणाच्या घरून त्यांच्या कँटीनला दूध. या सगळ्यांच्या घरी जार आला होता आणि विहिरीबद्दल तोंडातून चकार शब्द निघत नव्हता. चक्कीवर दळण घेऊन गेले की बोलणं बंद व्हायचं. एक जण तर तोंडावर म्हणाला की या बाईच्या पायी पोरायच्या नोकऱ्या जातीन. मी म्हटलं, तुझ्या पोराची नोकरी आणि माझ्या पोराचं पोट यातलं काय महाग आहे ते तूच सांग. ज्यांना पटत नव्हतं त्या बायकांनी माझ्याकडचे ब्लाउजपीस परत नेले. अर्धवट कापलेले पण नेले. न्या म्हटलं, उलट्या बाह्या लावून घाला.

आमच्यासोबत ठाम उभी राहिली ती बुद्धविहाराजवळची ताई. पंचायत समितीत नोकरी करून घरी बसलेली, तिच्या भावाच्या बांध्या बोडीखालीच. मी जेवढी तापट तेवढी ती थंड. ती कधी आवाज चढवायची नाही. साहेबलोकांशी बोलताना ती असं गोड बोलायची की मला वाटायचं ही आता यांना चहा पाजते. पण ती जे बोलायची ते त्यांना झटकता यायचं नाही. मला तिचा राग यायचा, कारण ती जिंकत होती आणि मी नुसती भांडत होते. तरी तिच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं.

तिच्यामुळेच पुढची चौकशी लागली. एक मोठा साहेब स्वतः गावात येऊन पाहणी करणार असं ठरलं. त्याच्याबद्दल आधीच ऐकलं होतं की तो म्हणतो, या लोकांना मोबदल्याची चटक लागली आहे, पाण्याचं नुसतं निमित्त. ताईच्या घरी बसलो होतो तेव्हा हे कुणीतरी सांगितलं. ताई म्हणाली, मग त्याला आपलं पाणी पाजू. कागद काही सांगू दे, बाटल्या काही सांगू दे, त्यानं विहिरीचं पाणी तोंडाला लावलं आणि तोंड वाकडं केलं, की तेवढं मोबाइलमध्ये घ्यायचं. बस.

असा साधा डाव होता. घर माझं ठरलं, कारण विहीर अंगणासमोर. साहेब आला की अंगणात खुर्च्या टाकायच्या, आणि आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी येतंच, तसं पाणी यायचं. त्याला नाही म्हणता येणार नाही. लोटा आमच्या घरचा पितळी, सासूच्या लग्नातला, कारण स्टीलच्या ग्लासात तवंग दिसला असता आणि त्यानं आधीच बाजूला सारला असता. सगळ्यांसमोर ठरलं. माझ्यासोबत आलेली सासू तिथेच बसून शेंगा सोलत होती. लोटा ती आणेल म्हटलं, तिनंही मान हलवली.

त्या दिवशी सकाळपासून मी तापलेली होते. तीन गाड्या आल्या. साहेब उतरला, गोरापान, मिशा कोरलेल्या, बुटांना आमच्या गावची माती लागू नये म्हणून दगडादगडावरून पाय टाकत. सोबत हवाईपट्टीचा मॅनेजर, तो तर आमच्या अंगणात असा उभा होता की जणू त्यानंच ते भाड्यानं दिलंय. खुर्च्या टाकल्या. ताई बोलत होती. मी कुंपणाशी मोबाइल धरून उभी. आतून सासू डोक्यावर पदर घेऊन आली, दोन्ही हातांनी लोटा धरून, आणि त्याच्यासमोर वाकली.

त्यानं लोटा घेतला. आत पाहिलं. मॅनेजरकडे पाहून हसला. वर धरून घटाघटा प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "गोड पाणी आहे तुमचं. एवढं चांगलं पाणी नागपुरात मिळत नाही."

सगळं मोबाइलमध्ये आलं. माझ्याही, आणि त्यांच्याही.

मला एक क्षण खरंच वाटलं की विहीर आपोआप साफ झाली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. ताईच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिनं चष्मा काढून पुसला, आणि ती असं कधी करत नाही. साहेब उठला, विहिरीत डोकावला सुद्धा नाही, पाहणी झाली म्हणाला आणि गाड्या निघून गेल्या. जाताना मॅनेजरनं मला नमस्कार केला. तो नमस्कार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी सैपाकघरात गेले. जारच्या तोटीतून अजून पाणी टपकत होतं. स्टुलाखाली ओलं झालं होतं.

"आई, जारचं दिलं?"

"मंग का देऊ?" ती म्हणाली. "पाव्हना दारात आला बाई. त्याले ते घानेरडं पानी माझ्या हातानं देऊ?"

"तो पाव्हना नाही. वैरी हाय आपला."

"असन वैरी. पन आपल्या आंगनात खुर्चीवर बसला होता ना."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. कमी बोलले नाही एवढं नक्की. अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलं. तुमच्या एका लोट्यानं गाव बुडवलं म्हटलं. ती चुलीपुढे बसून राहिली, एक शब्द उलट बोलली नाही. जुन्या बाया बोलल्या नाहीत की त्यांचं खरं वाटायला लागतं, त्यामुळे मला आणखी चीड आली. संध्याकाळी नवरा आला, त्याला सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला की तिनं आजवर दारावर आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा शिळं दिलं नाही, तुम्ही तिच्या हातात लोटा दिलाच कशाला? त्याचं खरं होतं. हे ठरवताना आम्ही इतक्या जणी बसलो होतो आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की पाणी देणारी बाई कशी आहे. आमच्यापैकी दुसऱ्या कुणीही दिलं असतं तरी बहुतेक हेच झालं असतं. शहरातल्या माणसाला ही चूक करताच आली नसती. ही आमचीच.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी मोहाडीच्या बाजारात पोचला होता. मी कपड्याच्या दुकानात अस्तर घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, ताई, तुमच्या गावचं पाणी बाटलीत भरून विका. चक्कीवरचा तो माणूस आता मला बघून मोठ्यानं हसायचा. ज्या बायकांनी पाय दाखवले होते त्या म्हणायला लागल्या की साहेबानं पिलं त्याला काही झालं नाही, आपल्यालाच चुना लावून राहिली का ही. गेटवरच्या त्या खाकीवाल्यानं व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. खाली हात जोडलेलं चित्र.

घरात मी सासूशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, बोलायचे नाही. ती पण बोलत नव्हती. सकाळी उठायची, विहिरीवर जायची, गुंड भरून आणायची आणि चुलीजवळ ठेवून पहिला लोटा स्वतः प्यायची. रोज माझ्यासमोर. मला वाटायचं मुद्दाम करते. आधी मी तिच्या हातातून लोटा ओढून घ्यायचे, जारचं प्या म्हणून डोकं फोडायचे, आणि ती म्हणायची की विकतचं पानी पोराइले आन पाव्हन्याइले, घरच्या मान्साले कायले. आता मी तेही सोडून दिलं होतं. पीत बसा म्हणायचे मनातल्या मनात. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. तिला वाटतं का, ते मी कधी विचारलं नाही.

पण विहीर तर तशीच होती. उन्हाळा लागला, बोडी आटली, आणि जे काही होतं ते तळाशी घट्ट झालं. बकेट वर आली की डोळे चुरचुरायचे. जार घेणं ज्यांना परवडत नव्हतं त्या घरांत पोरांना तेच पाजत होते. आम्हाला हवं होतं ते एवढंच की ही विहीर पिण्यायोग्य नाही असं सरकारनं आपल्या तोंडानं म्हणावं. ते म्हटलं की टँकर लागणार होता, नाला वळवावा लागणार होता, पट्टीवाल्यांना त्यांची घाण त्यांच्याच कुंपणात ठेवावी लागणार होती. त्यांनी म्हटलं नाही तर काहीच होणार नव्हतं. आणि आता त्यांच्याकडे व्हिडिओ होता.

ताई मात्र थांबली नाही. कशी कुणास ठाऊक, तिनं तहसीलमध्ये सुनावणी लावून आणली. मला निरोप पाठवला की ये, पण तोंड आवर. तिनं ये म्हटलं याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

निघायच्या सकाळी सासू नवं लुगडं नेसून दारात उभी.

"मी येतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी बोलली आणि ते हे.

मी म्हटलं काही गरज नाही. जेवढं करायचं तेवढं करून झालं तुमचं. ती सरळ ऑटोत जाऊन बसली. मांडीवर तोच पितळी लोटा, त्यावर ताटली, आणि वरून फडक्यानं गच्च बांधलेला. मी विचारलं नाही. रस्त्यात धक्का बसला की ती लोटा पोटाशी धरायची. ऑटोवाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं, पेट्रोल गळतंय का म्हणून.

तहसीलच्या हॉलमध्ये पंखे होते, हवा नव्हती. समोर टेबल, टेबलावर प्रत्येक साहेबापुढे पाण्याची बंद बाटली. हे मी पाहिलं आणि ताईला कोपरानं खुणावलं, तिनं नुसते डोळे मिटले. मोठा साहेब मधोमध. बाजूला मॅनेजर. आमच्याकडून आम्ही मोजक्या बाया आणि दोन-तीन शेतकरी, आणि मागच्या खुर्च्यांवर गावातले ते सगळे ज्यांना आमची फजिती पाहायची होती.

ताई बोलली. पायांचे फोटो दाखवले. साहेबानं मान डोलावून ऐकलं आणि मग भिंतीवर तो व्हिडिओ लावायला सांगितला. एवढा मोठा. माझं अंगण, माझ्या खुर्च्या, वाकलेली सासू, आणि घटाघटा पिणारा तो. मागे कुणीतरी हसलं. साहेब म्हणाला की मी स्वतः प्यायलो आहे, मला काही झालेलं नाही, तक्रारदारांच्या घरचंच पाणी आहे, आणखी काय पुरावा हवा. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होऊ शकते हेही लक्षात घ्या म्हणाला, आणि हे म्हणताना माझ्याकडे बघत होता. मी उठणार होते. ताईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

उठली ती सासू. डोक्यावरचा पदर नीट केला, लोटा घेतला, आणि सरळ टेबलापर्यंत चालत गेली. शिपाई अडवायला आला, तर त्याला म्हणाली, सर बा बाजूला, आणि तो सरला.

"साहेब, तुमी पेले ते जारचं पानी होतं," ती म्हणाली. "विकतचं. माझी सून, ह्या साऱ्या बाया, साऱ्यायनं सांगतलं होतं का इहिरीचं दे. म्या नाही देलं. घरी आलेल्या मान्साले म्या कधी खराब पानी नाही देलं. यायले नोका काही म्हनू, ते माझं काम हाय."

मॅनेजर काहीतरी पुटपुटला. साहेब हसल्यासारखा करून म्हणाला की आजी, आता असं काहीही म्हणता येईल, याला पुरावा काय.

तिनं फडकं सोडलं. गाठ घट्ट होती, म्हाताऱ्या बोटांना सुटायला वेळ लागला, कुणीही मदत केली नाही. ताटली काढली आणि वास टेबलावर पसरला. पहिल्या रांगेतल्या माणसानं नाकाला रुमाल लावला. साहेबानं खुर्ची जराशी मागे ओढली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

मला वाटलं आता ती लोटा त्याच्यापुढे करणार. सगळ्यांना तेच वाटलं. मीही मनात म्हटलं, दे, दे त्याला. पण तिनं लोटा उचलला आणि स्वतःच्या तोंडाला लावला.

साहेब खुर्चीतून अर्धा उठला. टेबलावरून हात लांब करून त्यानं लोट्याचा काठ धरला.

"आजी, नका पिऊ ते."

त्याच्या तोंडून निघून गेलं. माणूस होता शेवटी, तेवढं मी मान्य करते. त्याहून जास्त नाही करणार. त्याचा हात लोट्यावर, तिचे दोन्ही हात लोट्यावर, आणि अख्खा हॉल बघतोय. सासूनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"रोजच पेतो मी," ती म्हणाली. "सकाळी पेऊनच आलो. येवढे दिवस कोनी हात नाही धरला."

तिनं लोटा सोडला नाही. त्यानंच हात काढला, आणि मग ती प्यायली, दोन घोट, त्याच्यासमोर. बाकीचं तिनं ताटली झाकून टेबलावर ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि येऊन माझ्या शेजारी बसली. ताई उभी राहिली आणि तिच्या त्या थंड आवाजात म्हणाली, "साहेब, पाणी चांगलं आहे तर नका पिऊ का म्हणालात, तेवढं लिहून घ्या." लिहून घेणारा बाबू पेन धरून साहेबाच्या तोंडाकडे बघत बसला. मागच्या खुर्च्यांवर आता कुणी हसत नव्हतं. चक्कीवरचा माणूस केव्हा निघून गेला ते मला दिसलं नाही.

या वेळी व्हिडिओ आमचा होता.

पुढचं सांगायला मला फार आवडत नाही, कारण त्यात कुणाचा मोठेपणा नाही. लाज वाटली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून त्यांनी हालचाल केली. या वेळी बाटल्या आमच्या विहिरीवर भरल्या गेल्या. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसली आणि कठड्यावर लाल रंगानं लिहिलं गेलं की हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. अक्षरं वाकडी आहेत, पण आहेत. टँकर येतो, कधी येतो कधी येत नाही. आगीच्या सरावाचा तो खड्डा बंद आहे म्हणतात. नाला वळवायचं काम सुरू आहे म्हणतात. मी रोज पाळीवर जाऊन बघते, कारण त्यांच्या म्हणण्यावर मी आता कधीच विश्वास ठेवणार नाही. साहेबाची बदली झाली. मॅनेजर तिथेच आहे. परत नेलेले ब्लाउजपीस हळूहळू परत यायला लागले आहेत, उलट्या बाह्यांसकट.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. तहसीलमधून घरी आलो. उन्हानं सासूचा चेहरा काळवंडला होता, ओठ सुकले होते. ती सवयीनं चुलीजवळ गेली आणि गुंडावरची ताटली काढली. मी पुढे होऊन गुंड उचलला आणि अंगणात नेऊन सगळा ओतून दिला. मग जारखाली दुसरा लोटा धरला, भरला, आणि तिच्यासमोर आणला, दोन्ही हातांनी, ती पाहुण्यांना देते तसा.

"मले काहून?" ती म्हणाली. "राहू दे पोराइले. मी का पाव्हनी हाव?"

मला खूप काही बोलायचं होतं. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. पण माझ्यासारख्या बाईच्या तोंडातून त्या वेळी एवढंच निघालं, आणि तेही भांडल्यासारखं.

"पेता का नाही?"

ती खाली बसली, लोटा घेतला आणि घोटघोट करत सगळं संपवलं. रिकाम्या लोट्यात एकदा डोकावून पाहिलं.

"याले त काही चवच नाही वं," ती म्हणाली.

मी लोटा घेतला आणि पुन्हा भरला.